घाण पातळ न करणारे काका

शंकरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत उत्तरपत्रिका तपासत होते. विश्वासच बसेना. दोन दिवसांपूर्वीच तर त्यांच्या मंडी मोहल्ल्यातल्या घरी मी भांडी धूत असताना त्यांनी नळ बंद केला होता. "आधी खरकटं पुसून काढ गं, मग पाणी!" सहा आठवडे झाले... अजून त्यांच्यावर रागच येतो, असं न सांगता जायचं असतं का?

काका हेब्बाळच्या पलीकडे कोंबडीचं मांस तयार करणाऱ्या एका कारखान्यात सांडपाणी सांभाळायचे. लग्नाकार्यात कुणी विचारलं की काकू घाईघाईने "केमिस्ट आहेत" म्हणायची. काका मात्र ऐन पंगतीत रक्त, पिसं, चरबी सगळं सविस्तर सांगून तिची पंचाईत करायचे.

मध्यंतरी कारखान्याच्या उताराला असलेल्या तळ्याला वास येऊ लागला. तपासणी ठरली. सांडपाण्याचा नमुना नापास झाला तर कारखाना बंद होणार होता. मॅनेजरांनी सोपा उपाय काढला, तपासणीच्या सकाळी सांडपाण्याच्या टाकीत बोअरचं स्वच्छ पाणी सोडून घाण पातळ करायची. काकांनी साफ नकार दिला. मीच त्यांना म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. ते नेहमीसारखं मराठीत कानडी मिसळत म्हणाले, "नोड, बघ, घाण तेवढीच राहते, वर चांगलं पाणीही नासतं. तळ्यातले मासे काय रिपोर्ट वाचतात? अल्वा? खरं की नाही?"

नमुना नापास झाला. कारखाना बंद पडला. फरशी धुणारी पुट्टम्मा घरी येऊन दारातच म्हणाली, "येन सार, काय हे, खरं तुम्ही बोललात, उपाशी आम्ही राहायचं?"  त्या रात्री काका जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मात्र पठ्ठ्या कामाला लागला. फेरतपासणीपुरतं मोजक्या माणसांनिशी काम चालवायची परवानगी त्यांनी मिळवली. आम्ही मूळचे रंगारी. एका कापडाच्या शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या कापडाच्या पहिल्या धुण्याला वापरायचं, ही आमची जुनी रीत. काकांनी ती जिवंत कोंबड्यांचे क्रेट धुण्याला लावली. फरशीवर पाइप सोडण्याआधी रक्त आणि चरबी वायपरने ओढून वेगळी गोळा करायची, हे स्वतः गुडघ्यापर्यंतचे बूट घालून शिकवलं. जास्तीचं काम म्हणून सगळे कुरकुरले. पुढचा नमुना स्वच्छ पाण्याचा एक थेंबही न मिसळता पास झाला आणि बाकीची माणसंही कामावर परतली. मला त्यांचा तेव्हा वाटला तेवढा अभिमान कधीच वाटला नव्हता.

गेल्या आठवड्यात त्यांचं सामान आणायला कारखान्यात गेले. पाइप गुंडाळलेला होता आणि पुट्टम्मा वायपरने फरशी ओढत होती. मला पाहून थांबली.

"मॅडम, ते तळं आमच्याच गावचं. आमची गुरं तिथंच पितात. त्या दिवशी भांडले तेव्हा हे बोलले नाही... मग सारना सांगायचं राहूनच गेलं."

तिने पुन्हा वायपर उचलला. हे ऐकायला काका हवे होते.