मोटारीची पट्टी

खाणीवरचा एक साहेब बदली होऊन गेला तेव्हा आमच्या यांनी त्याची जुनी मोटार घेतली. बालाघाटात तेव्हा मोटारी थोड्याच. कचेरीत लोक यांना उठून जागा देऊ लागले. मोटारीत समोर, काचेखाली, सायीच्या रंगाची प्लास्टिकची पट्टी होती. तिला उन्हानं भेग गेली होती. मोटार ढकलल्याशिवाय सुरू होत नसे, त्याचं यांना काही नव्हतं. भेग मात्र सलायची.

"दिवाळीले तुले मोटारीनं किरनापुरले नेतो," हे म्हणाले. "पन पट्टी नीट झाल्यावर. तुह्या माहेरचे लोक पहिले तेच पाहातीन."

मी माहेरी तसं कळवलं, आणि आईनं तेवढ्यावर गल्लीभर सांगून टाकलं की लेक मोटारीनं येणार. आता मला बसनं जायची सोय उरली नाही.

गोंदियाचा मिस्त्री म्हणाला, असली पट्टी मिळत नाही. त्यात दसरा आला. सासूबाई मोटार पुजायला निघाल्या, पण चाकं चिखलानं भरलेली, म्हणून कापूर त्यांनी पट्टीवरच लावला. आरती संपेपर्यंत भेगेशेजारी भोक पडलं.

"देवानं घास घेतला म्हना," सासूबाई म्हणाल्या.

देवाचं काम, त्यामुळे यांना काही बोलता येईना. जेवले मात्र नाहीत.

दुसऱ्या दिवशी हे कचेरीत गेल्यावर मी शेगडी मोटारीजवळ नेली. तडकलेली बादली आम्ही बायका सांधतो, तसंच हे. भेगेच्या टोकाला तापल्या दाभणानं टोचलं, म्हणजे ती पुढं पळत नाही. जुनी साबणदाणी साधारण त्याच रंगाची होती. तिचा तुकडा भोकावर बसवून तापल्या उलथण्यानं त्याच्या आणि भेगेच्या कडा एकजीव केल्या.

"दुसरं उलथनं घे व," नाकाला पदर लावून सासूबाई म्हणाल्या. "पोळ्याईले वास लागंन."

वर राहिलेला उंचवटा मी टाचा घासायच्या वजरीनं घासला आणि खोबरेल चोळलं.

संध्याकाळी हे पट्टीवरून बोट फिरवत बसले. वजरीचं मी सांगितलं नाही.

"कोनं केलं?"

"तुह्या बायकोनं," सासूबाई म्हणाल्या. "अन् तू देवावर रुसून बसला होता."

हे खूश झाले. इतके की मोटार ढकलून थेट गोठ्यात नेली आणि वर माझी चादर घातली. "उनात नेली तं पुन्हा तडकंन," म्हणाले. "आता थंडी पडल्यावरच काढू."

दिवाळीला मी बसनं किरनापुरला गेले. दारात आई आणि शेजारच्या बायका उभ्या. ओवाळायला ताटं दोन होती, एक माझं, एक मोटारीचं.

"मोटार कोठी हाये व?" आईनं विचारलं.

"घरी. सावलीत."

आईनं माझ्या केसांतली धूळ पाहिली. "अन् तू काहून उनात आली?"

आईनं दुसऱ्या ताटातला कापूर उचलून डबीत ठेवला. मोटार आली असती, तरी मी तो लावू दिला नसता.