बघायला आले आणि फूल बघत बसले

मला ओटीवर बघून आजवर कुणीही लग्नाला होकार दिलेला नाही. ज्यांनी बघितलं ते 'कळवतो' म्हणून गेले, आणि अजून कळवतायत. ज्यांच्याशी लग्न झालं, त्यांनी तर साखर वाटून होईपर्यंत मला बघितलंच नव्हतं!

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट असेल. चतुर्थी होऊन गेली होती आणि मुंबईच्या बोटी पुन्हा मालवणला लागू लागल्या होत्या. माझे बाबा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे मुख्य. त्यांचं गलबत निघायच्या बेतात होतं, आणि त्याआधी माझं जमलं नाही तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत हरी हरी! (बाबांच्या माघारी आमच्या घरात कुठलाच निर्णय होत नसे. बाबा घरी असले तरी होत नसे, फक्त आवाज मोठा यायचा.) अशात हे स्थळ आलं. मुलगा मुंबईच्या कॉलेजात झाडापानांचं शास्त्र शिकवणारा, मूळ वेंगुर्ल्याकडचा. आईने देवाला नवस बोलून टाकला, आणि मला सजवायचं काम काकीने अंगावर घेतलं.

"काय गो सुमा, केसात एक फूल नाय? अशीच भुंडी बसतलंस?"

दारची अबोली सकाळीच देवाला गेलेली. मग काय, नवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून मी घरामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर धावले. कातळावरच्या गवतात बारकी पिवळी फुलं मायंदाळ फुलली होती. एक डहाळी ओरबाडली आणि परत आले, तोच ओटीवरून हाक आली, "पाव्हणे इले!" घाईघाईत बोटाने कपाळाला कुंकू टेकवलं, त्याच बोटांनी फूल अंबाड्यात खोचलं आणि पोह्यांची ताटली घेऊन बाहेर गेले.

मुलगा जाड भिंगांचा चष्मा लावून आपल्या मामांच्या शेजारी बसला होता. मी मान खाली घालून ताटली पुढे केली. त्यांनी ती घेतली, पण नजर माझ्या कानामागे! मी उजवीकडे वळले, तर ते डावीकडे वाकले. मी डावीकडे वळले, तर ते पाटावरून अर्धे उठले. दाराआड काकी आईला ढोसत होती, "बघ गो, नजर हलयत नाय पोरगो!"

मामांनी विचारलं, "स्वयंपाक येतो का?"

मी तोंड उघडणार तोच चिरंजीव म्हणाले, "जरा पाठ करून बसता का?"

मी बसले, करणार काय!

"ते केसातलं फूल मला द्याल?"

आता बघा, आमच्याकडे त्या काळी चारचौघांत बायकोच्या केसातल्या फुलाला हात लावायची नवऱ्याचीसुद्धा छाती नव्हती. आणि हा अजून सुपारी न फुटलेला माणूस वडीलधाऱ्यांसमोर फूल मागत होता! मामांच्या हातातले पोहे धोतरावर सांडले. बाबा मात्र उभे राहिले आणि भर समुद्रात घालतात तशी हाळी घातली, "साखर आणा! चेडू पसंत पडलां!"

काकी साखरेचा डबा घेऊन सुटली ती वाडीच्या टोकापर्यंत. ती परत येईपर्यंत माझ्या लग्नाची बातमी बंदरावर पोचली होती.

इकडे मुलाने खिशातून भिंग काढलं, टाचणी काढली आणि फुलाच्या पाकळ्या एकेक सोडवायला घेतल्या. बाबा कौतुकाने वाकले. "बघूया! ह्यां वरचां शीड. ही बाजूक दोन वल्ही. आणि खाली ही होडी! अरे, ह्यां फूल न्हय, गलबत आसा!"

"अगदी बरोबर! म्हणजे वाटाण्याच्या जातीतलं. पण हा तांबडा ठिपका! असा ठिपका कुठल्याच पुस्तकात नाही. कदाचित हे फूल जगात कुणालाच ठाऊक नसेल!"

मामांनी हळूच विचारलं, "अरे, पण मुलीचं काय?"

"मामा, आत्ता काही विचारू नका. आधी याची खात्री होऊ दे!"

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. दारात शेजारपाजार गोळा झालेला, प्रत्येकाच्या तोंडात आमची साखर, आणि इथे पुन्हा 'कळवतो'! आईने पदर डोळ्यांना लावला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, या मेल्या फुलाचा एकदाचा निकाल लागू दे. "उठा! दाखवते कुठे मिळतं ते."

पुढे मी, मागे हे, त्यामागे बाबा, मामा, आई, काकी आणि साखर खाल्लेली निम्मी वाडी, अशी वरात सड्यावर चढली. हे लगेच हातापायांवर रांगायला लागले. फुलं हजारो, पण ठिपका एकावरही नाही! शेजारीच आमची म्हैस तीच फुलं निवांत चरत होती.

मग त्यांनी हातातल्या पाकळीवरचा ठिपका पुन्हा निरखला. माझ्या बोटाकडे बघितलं. मग, आल्यापासून पहिल्यांदाच, माझ्या कपाळाकडे.

"तुम्ही... याच बोटाने कुंकू लावलंत का?"

"होय. का?"

ते मटकन कातळावर बसले. "मग हे अगदी साधं आहे हो! कोकणात कुठेही उगवतं. गुरांचा चारा!" एवढा पडलेला चेहरा मी कुणाच्या मयतालाही पाहिला नव्हता.

मला मात्र रडूच फुटलं. "फुलाचं कळलं! आता माझं सांगा. पसंत की नापसंत?"

"तुमचं? तुमचं काय?" ते गोंधळून म्हणाले. "मुलगी अजून बाहेर यायची आहे ना?"

काकी गवतात फतकल मारून बसली.

"मीच ती मुलगी!"

त्यांनी चष्मा काढला, धोतराने पुसला, पुन्हा लावला आणि मला बघितलं. नीट, सावकाश, टाचणी न घेता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि म्हणाले, "असं होय... मग वाटलेली साखर परत मागायला नको."

बाबांनी अशी आरोळी ठोकली की म्हैस दावं तोडून पळाली.

लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर, एकदा लाडात येऊन मी विचारलं, "काय हो, ते फूल खरंच नवीन निघालं असतं, तर?"

मला वाटलं, काहीतरी गोड बोलतील. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. म्हणाले, "तर काय! ते घेऊन मिळेल त्या बोटीने मुंबई गाठली असती. तुझ्याकडे बघायला वेळ कुठला?"

म्हणजे माझा एवढा भरला संसार कशाच्या कृपेने उभा राहिला, तर म्हशीच्या चाऱ्याच्या!