धुतलेल्या बाटलीतील इंधन

प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणारे काका आपल्या कामाविषयी मोठा अभिमान बाळगून असत. तेथे एक बाई संशोधन करीत. पृथ्वीला तापवणारा कार्बन डायऑक्साइड वायू हायड्रोजनसह एका नळीतून सोडायचा, नळीतील भुकटी मायक्रोवेव्हने तापवायची आणि पलीकडच्या थंड बाटलीत मेथॅनॉल हे इंधन जमवायचे, असा तो प्रयोग होता. पण बाटली कित्येक महिने कोरडीच राहिली होती.

परवा मात्र त्या बाटलीत मेथॅनॉल सापडले. बाईंनी सर्वांना चहा पाजला. काकांनी घरी जाऊन छाती फुगवून सांगितले, "आमच्या बाईंनी धुरातून इंधन काढलं!"

"मग आपला सिलिंडर परत करू का?" बायकोने चिडवले. तरीही रात्रीपर्यंत तिने ती बातमी जिन्यातल्या साऱ्या शेजाऱ्यांना ऐकवली.

आज तीच बाटली धुताना काकांचा हात जागीच थांबला. बाटली पाण्याने धुऊन भट्टीत वाळवायची, असा नियम होता. पण मेथॅनॉल सापडले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांना लवकर घरी जाऊन सामना पाहायचा होता. भट्टीला वेळ लागतो, म्हणून त्यांनी ती मेथॅनॉलनेच विसळली होती. ते पटकन उडून जाते, असा त्यांचा समज. सगळे उडाले नसेल तर? काकांच्या तोंडचे पाणी पळाले.

शेजारच्या खोलीत बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांसाठी निकाल मांडून ठेवत होत्या. काका दारापर्यंत जाऊन परत फिरले. अखेर मनाचा हिय्या करून ते आत शिरले.

"बाई, ते इंधन माझ्या विसळण्यातलं असेल."

"काका, थट्टा करताय ना?"

"थट्टा असती तर फार बरं झालं असतं हो."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. मग त्यांनी बाटली भट्टीत वाळवून घेतली आणि साहेबांसमोरच प्रयोग पुन्हा केला. बाटली कोरडी ठणठणीत निघाली.

"काय हो बाई, परवाचं इंधन कुणी प्यायलं?" साहेब हसले.

"बाटली स्वच्छ नव्हती, सर. मी तपासून घ्यायला हवी होती. चूक माझी."

भिंतीशी उभ्या असलेल्या काकांच्या ओठांवर 'ती मी धुतली होती' हे शब्द आले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिले आणि चहा आणायला सांगितले.

"आणतो, साहेब," असे म्हणून काका लगबगीने बाहेर पडले. सुटलो, असे त्यांना वाटले. आणि तसे वाटले याचीच त्यांना सर्वांत अधिक लाज वाटली.