एकोणीस कडव्यांचा हात

फेस्टीला आवाज नव्हता. म्हणजे बोलायला होता, मेंढ्यांना हाका मारायला तर टेकडी ओलांडून जाईल असा होता, गायला नव्हता. लहानपणी एकदा तो चर्चमध्ये मोकळ्या गळ्यानं स्तोत्र म्हणायला लागला, तेव्हा म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी मध्येच थांबून सांगितलं, "फेस्टी, बाळा, देवाला मनातलंही ऐकू येतं." तेव्हापासून तो मनातच गातो.

आणि नेमकं अशा माणसाच्या घरात गाणं असावं, हा देवाचा चावटपणा नाही तर काय? आमच्या रॉसबॅनच्या किनाऱ्यावर सगळ्यांत मोठं मानतात ते एकोणीस कडव्यांचं गाणं फेस्टीच्या पणजीच्या बहिणीनं रचलेलं. लग्नाचे कपडे आणायला तिचा नवरदेव होडी घेऊन गॉलवे शहराला गेला तो जिवंत परत आलाच नाही, त्याचं गाणं. फेस्टीच्या आईनं ते जपलं. पण पुढं द्यायचं कुणाला? मुलगी सोरखा, तिला गाण्यापेक्षा गप्पा प्याऱ्या. मुलगा हा असा. शेवटी आईनं शेजारच्या पॅट्सीच्या बार्टलीला चुलीपाशी बसवून शिकवलं. फेस्टी कोपऱ्यात बटाटे सोलत असायचा. चाल बार्टलीच्या गळ्यात बसली. शब्द मात्र बटाटे सोलणाऱ्याच्या डोक्यात जाऊन बसले.

आमच्याकडे गाणारा डोळे मिटून गातो, आणि शेजारी बसलेला त्याचा हात हातात घेऊन हळूहळू फिरवत राहतो, जात्याचा खुंटा फिरवावा तसा. एरवी हे दोघे बाप्ये एकमेकांचा हात धरतील तर शपथ! पण ऑगस्टमधल्या जत्रेत, रविवारी दुपारी तीन वाजता, भरल्या हॉलमध्ये, एकतीस वर्षं बार्टली गात आला आणि फेस्टी त्याचा हात फिरवत आला. प्रत्येक कडवं संपलं की फेस्टी कानाशी वाकून काहीतरी पुटपुटायचा. लोकांना वाटायचं, 'देव तुझं भलं करो' म्हणत असेल. कसलं भलं! तो पुढच्या कडव्याचा पहिला शब्द सांगायचा. तो मिळाला की बार्टली सुटला. ही गोष्ट त्या दोघांनाच ठाऊक होती. आणि सोरखाला; कारण सोरखाला ठाऊक नाही अशी गोष्ट गावात व्हायचीच नाही.

गेल्या साली जत्रेनंतर रेडिओवाली बाई आली. तिनं बार्टलीला विचारलं, एवढं मोठं गाणं लक्षात कसं राहतं हो? बार्टली फुगला. "एकदा ऐकलं की कोरलं जातं माझ्या डोक्यात," म्हणाला. "एकोणीस कडवी, आणि कुणाची मदत नाही." हे रेडिओवर लागलं तेव्हा फेस्टी घरी बटाट्याबरोबर बांगडा खात होता. घास तिथंच थांबला.

सोरखानं रेडिओकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं. "आणि तू रे काय होतास? खुर्ची?"

झालं. आमच्या कॉनेमाऱ्याच्या मुलखात भांडायला तोंड लागत नाही. रस्त्यात समोरून गाडी आली की स्टीअरिंगवरचं एक बोट उचलायचं, एवढाच आमचा रामराम. फेस्टीनं बार्टलीला बोट उचलणं बंद केलं. आठवड्याभरात पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना कळलं की युद्ध पेटलंय. बार्टलीनं दोन-तीनदा उचललं, मग त्यानंही सोडलं. अकरा महिने दोघांची बोटं स्टीअरिंगला चिकटलेली.

यंदाची जत्रा आली. शुक्रवारपासून पबमध्ये बाकांवर फिडलवाले दाटीवाटीनं बसले, बासरीवाल्यांनी घसे ओले केले, एकेक धून तीन फेरे घ्यायची आणि कुणी न सांगता सगळे एकदम दुसरीत उडी मारायचे. फेस्टीचा यात जीव. पण यंदा म्हणाला, "मला गवत कापायचंय."

"या पावसात?" सोरखा म्हणाली.

तो बादली घेऊन बाहेर पडला. पुढचे दोन दिवस पबच्या मागच्या भिंतीशी एक माणूस रिकामी बादली धरून उभा होता आणि त्याचा उजवा पाय ठेका धरत होता, हे निम्म्या गावानं पाहिलं.

रविवारी जेवणानंतर सोरखानं त्याचा कोट त्याच्या अंगावर फेकला. "चल. रुसायचं तर तिथं समोर बसून रुस. घरात रुसलेला कुणाला दिसतो?"

हे फेस्टीला पटलं. तो गेला, आणि अगदी मागं, चहाच्या टेबलाजवळ बसला. एका हातात कप, दुसऱ्या हातात हॅम सँडविच. खरं सांगायचं तर तो बार्टलीची फजिती बघायला आला होता. 'एकदा होऊनच जाऊ दे,' असं त्यानं मनाशी म्हटलं होतं, अगदी त्याच शब्दांत.

नाचणाऱ्या पोरी मंचावरून उतरल्या, आणि बार्टली नवा शर्ट घालून वर आला. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं त्यानं पाहिलं. मग सगळ्या हॉलवरून नजर फिरवली. फेस्टीनं कपात पाहिलं.

"मी धरू का हात?" असं म्हणत पहिल्या रांगेतून फिन्टन उठला. हा डब्लिनचा निवृत्त दातांचा डॉक्टर. दर उन्हाळ्यात आमची भाषा शिकायला येतो आणि भर ऑगस्टात लोकरीचा स्वेटर घालतो. माणूस सोन्यासारखा, पण हात धंद्यातला. त्यानं बार्टलीचा पंजा घट्ट पकडला आणि असा हलवायला लागला की अक्कलदाढच काढायचीय.

पहिली सात कडवी कशीबशी गेली. हात जोरात फिरतोय म्हणून गाणंही पळायला लागलं. रडायचं गाणं, लोक पायानं ठेका धरायला लागले. सातवं संपलं. फिन्टन कानाशी वाकून मनापासून म्हणाला, "देव तुमचं भलं करो!"

बार्टलीचं तोंड उघडं ते उघडंच. मग त्यानं एकदम पंधरावं कडवं धरलं, वाळूवर प्रेत सापडतं ते.

"अगंबाई," पुढची एक म्हातारी म्हणाली, "होडी अजून पाण्यात ढकललीच नाही की!"

बार्टलीनं ते ऐकलं. कपाळाला घाम फुटला. सावरायला म्हणून त्यानं मागं उडी मारली ती थेट चौथ्यात. आणि वाळूवर पडलेला नवरदेव उठला, पेलाभर दूध प्याला आणि बुटाच्या नाड्या बांधायला लागला.

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग सगळी मधली रांगच.

आता खरं तर फेस्टीला उकळ्या फुटायला हव्या होत्या. याचसाठी तो आला होता ना? पण त्यानं कप टेबलावर ठेवून दिला. लोक बार्टलीला हसत होते, ठीक. पण त्या बुडालेल्या पोरालाही हसत होते, आणि किनाऱ्यावर वाट बघत बसलेल्या त्या पोरीलाही. तिच्या दुःखाला या किनाऱ्यावर आजवर कोणी हसलं नव्हतं. 'हे मी केलं,' त्याला वाटलं. 'माझ्याच घराण्यातल्या बाईचं मी हसं होऊ दिलं.'

त्यानं सँडविच कोटाच्या खिशात कोंबलं आणि तो तरातरा पुढं गेला.

"उठा, डॉक्टर."

"अहो, पण मी अजून..."

"निघाली दाढ. उठा."

फिन्टन उठला. फेस्टी बसला, बार्टलीचा हात हातात घेतला. तो थंडगार आणि ओलाचिंब होता. बार्टलीनं डोळे उघडले नाहीत, पण त्याचा खांदा सैल झाला. फेस्टी वाकला. "मंगळवारी," पुटपुटला.

"मंगळवारी..." बार्टली गायला. आणि थांबला.

"आई," फेस्टी म्हणाला.

"आई..." पुन्हा थांबला. अकरा महिन्यांची धास्ती ती, एका शब्दानं कशी जाणार? हसणं बंद झालं होतं.

मग फेस्टीनंच तोंड उघडलं.

काय सांगू तो आवाज! गंजलेलं फाटक उघडावं तसा निघाला. दारातलं कुत्रं उठून बाहेर गेलं. पण शब्द असे खणखणीत, एकही इकडचा तिकडं नाही: मंगळवारी आईनं शर्ट कापायला घेतला, आणि सुईत दोरा काही केल्या जाईना. चाल तीनदा सुटली, फेस्टी लालबुंद झाला होता. मध्येच त्याच्या लक्षात आलं की आपण हात फिरवायचा विसरलोय आणि तरीही हात फिरतोय. बार्टली फिरवत होता. हळू, जपून, त्याच्या हातात हात घेऊन.

आठवं संपलं. मिटल्या डोळ्यांनीच बार्टली बोलला, आणि त्याचा आवाज असा की मागच्या चहावालीलाही ऐकू जावं.

"फेस्टी, तुझा गळा म्हणजे देवाचा कोप आहे रे."

"ठाऊक आहे."

"मग नववंही तूच म्हण. मला येत नाही. मला हे गाणं सबंध कधी आलंच नव्हतं."

कोणी हसलं नाही. फेस्टीनं घसा खाकरला आणि नववं सुरू केलं, आठव्यापेक्षाही वाईट. मागच्या रांगेत सोरखा दोन्ही हातांनी डोळे पुसत होती.

"आई असती तुमची, तर काय म्हणाली असती गं?" शेजारणीनं हळूच विचारलं.

"हाकललं असतं दोघांना," सोरखा म्हणाली. "पण एकोणिसावं संपल्यावर."