तिसऱ्या गुहेतला चेलो

दिनांक १४ मार्च, सकाळी सव्वादहा. तिसऱ्या गुहेत चेलो ऐकू येत नाही. कुणीतरी तो मुद्दाम दाबला आहे.

ही नोंद मास्तरांच्या वहीतली. शाळेत वीस वर्षे संगीत शिकवून ते व्हिडिओ गेमला संगीत देऊ लागले, तरी वही सुटली नव्हती आणि संशयी स्वभावही. नव्या खेळातल्या त्या गुहेत वाजणारा चेलो, म्हणजे खर्जात बोलणारे ते मोठे व्हायोलिन, त्यांच्या थोरल्या बहिणीने वाजवला होता. ताईंची बोटे आता आखडली होती. त्यांचे वादन म्हणून उरणार होते ते एवढेच.

संशय जावईबापूंवर होता. वाद्यांच्या आवाजाचा समतोल साधण्याचे काम त्यांचे, आणि ते मालकांचे जावई, म्हणून अख्ख्या स्टुडिओचे जावईबापू. तोंडात साखर असलेल्या माणसाच्या मुठीत काय असते, हे मास्तरांनी शाळेच्या कार्यालयात पुरेसे पाहिले होते.

घरी निघताना ते चेलोचा आवाज किती ठेवला आहे, त्याचा आकडा वहीत उतरवून ठेवत. सकाळी स्टुडिओतली पोरे खेळ खेळून तपासत, तेव्हा आकडा जागच्या जागी; चेलो मात्र बेपत्ता. चोर सापडत नाही म्हणजे तो पोचलेला आहे, एवढाच निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला.

अठरा तारखेला त्यांनी तोंडावर विचारलेच. जावईबापूंनी वाद घातला नाही. खेळाचा कंट्रोलर त्यांच्या हाती दिला. खेळणारा उभा असेल तर नुसता चेलो, धावू लागला की त्यावर ढोल, शत्रू जवळ आला की त्यावर कर्णे, ही थरांची रचना मास्तरांचीच. पण प्रत्येक थर त्यांनी खुर्चीत बसून, सुटा ऐकला होता.

"पळा, मास्तर."

मास्तर पळाले. ढोल आले, कर्णे आले, चेलो बुडाला.

"तुम्ही बसून ऐकता, लोक पळत खेळतात. ताईंच्या अंगावर हत्ती तुम्हीच बसवलाय."

एवढे सरळ बोलणारा माणूस काहीतरी लपवत असणार, असे मास्तरांना वाटलेच. तरी त्याच दुपारी त्यांनी ढोलांचा खर्ज छाटला, कर्णे एक सप्तक वर नेले. चेलो वर आला. घरी ताईंना ऐकवला, तेव्हा त्या म्हणाल्या, "दुसऱ्या ओळीत घाईच केली रे मी." आणि पुन्हा लावायला सांगितला.

दोन एप्रिलला मालकांनी हुकूम काढला: खेळताना छाती धडधडत नाही, जुनेच ढोल आणि जुनेच कर्णे आणा. बदलाची खबर त्यांच्या कानावर कुणी घातली, याचा शोध मास्तर अजून घेत आहेत. जावईबापू त्या दिवशी रजेवर होते, हेही त्यांना संशयास्पद वाटते. खेळ तसाच बाजारात आला आहे.

वाचकहो, तो तुमच्या हाती आला तर तिसऱ्या गुहेत पळू नका. मिनिटभर उभे राहा आणि ऐका.