गल्लीभर एकच तार

जगात कुठे दोन सुट्या वस्तू शेजारी शेजारी सुखाने पडून असतील, तर आमचे साडूभाऊ तिथे अजून पोचलेले नाहीत असे खुशाल समजावे. लातूरच्या एका आयटीआयमध्ये ते इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे आणि आमच्याच गल्लीत, अगदी शेवटच्या घरात राहायचे. हा माणूस खुर्चीत टेकलेला मी कधी पाहिला नाही. चहा पुढे ठेवावा, तर हे स्टुलावर चढून आमच्या पंख्याचा रेग्युलेटर खोलत असायचे. मुरुडच्या एका लग्नात त्यांनी वाढप्यांना खाली बसवले आणि लाडवांची परात पंगतीतूनच हातोहात सरकवायला लावली. "एकानं दुसऱ्याला द्यायचं. वाढपी कशाला पळवता?" परात पंगतीच्या टोकाला, म्हणजे साडूभाऊंपाशी पोचली तेव्हा तिच्यात नुसते तूप चमकत होते. तरी गडी खूश!

दुष्काळात नळ कोरडे पडले, गल्ली टँकरवर जगू लागली आणि पाईपावरून रोज भांडणे. साडूभाऊंचे हात शिवशिवले. त्यांनी प्रत्येक टाकीवर मायक्रोकंट्रोलरची एक चिमुकली पेटी बसवली. घरागणिक वेगळी तार म्हणजे त्यांना उधळपट्टी वाटे. म्हणून एकच तार, घरातून घरात. शेवटचे घर आपली खबर अलीकडच्या घराला देणार, ते आधी स्वतःची सांगून मग त्याची पुढे ढकलणार, अशी सगळी वरात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. तिथे ओळीने दिवे. टाकी रिकामी तर लाल, भरलेली तर हिरवा. लाल दिसेल त्या घरी टँकर. खबरीला नाव नव्हते; पहिली आली ती पहिल्या घराची, दुसरी आली ती दुसऱ्याची.

चौथ्या घरातल्या, कोर्टातून निवृत्त झालेल्या पेशकारांना हे रुचेना. "आमच्या टाकीत किती पाणी हाय, त्याचा पुकारा दुकानात कशाला?" असे म्हणत त्यांनी एका सकाळी आपली पेटी काढून टाकली. पण माणूस सज्जन. तार तुटून मागची घरे अडायला नकोत, म्हणून दोन्ही टोके नीट पिळून वर चिकटपट्टीही लावली. झाले! मागची सगळी घरे एकेक दिवा पुढे सरकली. पाचव्या घराचा लाल दिवा पेशकारांच्या जागी लागला आणि टँकर त्यांच्या भरल्या टाकीला पाईप लावू लागला. पाचव्याच्या जागी सहाव्याचा हिरवा. आणि साडूभाऊंचा स्वतःचा, शेवटचा दिवा पार विझला. चूक आपल्याच घरात आहे असे धरून ते आपली पेटी खोलत, जोडत, येरझाऱ्या घालत राहिले. जेवतानाही डाव्या हातात टेस्टर.

पाचव्या घरात अंगणवाडीच्या ताई राहतात. त्यांची लेक तेव्हा बाळंतपणाला आलेली. एका दुपारी ताई तांब्या घेऊन साडूभाऊंच्या दारात उभ्या राहिल्या.

"बाळाला पुसून काढण्यापुरतं पाणी आसंल का?"

"टाकी रिकामी हाय? मग ताई, बोलल्या का न्हाईत?"

"टँकरवाला म्हणला, मशीन हिरवं दावतंय. मला वाटलं, आपलीच टाकी गळत आसंल."

साडूभाऊंनी हातातला टेस्टर तिथेच टाकला. स्वतःच्या टाकीतले पाणी त्यांनी बादल्या भरभरून ताईंकडे नेले. दुसऱ्या कुणाला बादलीला हात लावू दिला नाही. पेशकारांना कळले तेव्हा तेही कासावीस होऊन आपला पाईप घेऊन धावले. पुढे प्रत्येक पेटीला आपापला क्रमांक मिळाला आणि सगळे बिनचूक चालू लागले, पण साडूभाऊंच्या जिवाला चैन पडेना. "मशीनीला रोज इचारलं हो," ते मला म्हणाले, "ताईला एकदा बी इचारलं न्हाई." त्यानंतर रोज सकाळी ते घरोघरी कडी वाजवत हिंडायचे आणि लोक वैतागायचे.

आता ते नांदेडला लेकीकडे असतात. आमच्या नळाला पाणी येते, दिवेही चालतात. पण सकाळी कडी वाजत नाही आणि मला फार चुकल्यासारखे वाटते. फोनवर मात्र त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ताईंकडे पाणी आहे का. दिवा हिरवा आहे म्हटले की खेकसतात, "दिवा ऱ्हाऊ द्या. जाऊन इचारून या." मी चपला घालतो. मी का आलो ते ताई मला पाहूनच ओळखतात.

"पाणी हाय म्हणावं," त्या म्हणतात, "अन् तुमी कवा येता, ते बी त्यास्नी इचारा."