ताईंचा नंबर

आमच्या कंपनीच्या पहिल्या खोक्यावर ताईंचा स्वतःचा मोबाइल नंबर छापला, कारण कंपनीकडे फोनच नव्हता. दोन खोल्या, पाच माणसं आणि आम्ही बनवायचो ती पाणी गाळायची मशीन. मी दुरुस्तीच्या टेबलावर, समोर ताई पॅकिंगला. नऊ वर्षं गिऱ्हाईक थेट त्यांनाच फोन करायचं, अगदी सुट्टीच्या दिवशीही. जेवतानाही एक हात डब्यात, दुसऱ्यात फोन. "लाल दिवा लागलाय का? मग आधी बटण बंद करा, काका." घरी ताई एकट्याच. आम्ही चिडवायचो, फोन नसता तर तुम्ही भिंतींशी बोलला असतात.

मग आम्ही मोठे झालो. दोन मजले, गळ्यात कार्डं. साहेबांनी केक कापला. "आजपासून आपल्याला कुणी स्टार्टअप म्हणायचं नाही!" टाळ्या चालू असतानाच ते ताईंकडे वळले. "ताई, खूप केलंत. आता कॉल सेंटर आलंय. लाखभर खोक्यांवर तुमचा नंबर आहे, तेवढा कंपनीच्या नावावर करून द्या. तुम्ही नवा घ्या आणि निवांत जेवा."

ताईंनी हसत सही केली.

पंधरा दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "भाऊ भांडून गेला त्याला बारा वर्षं झाली. नंतर मी घरही बदललं. त्याच्याकडे माझा तेवढा एकच नंबर आहे."

मी भडकलोच. "मग तेव्हा मूग गिळून का बसलात?"

"सगळे टाळ्या वाजवत होते रे. त्यात माझं रडगाणं कुठं गाऊ?"

मी तडक साहेबांकडे गेलो. ते ओशाळले, पण नंबर परत देता येणार नाही म्हणाले. कॉल सेंटरच्या मुलींना सांगून ठेवतो म्हणे. तिथं दर महिन्याला नवी मुलगी, कोण लक्षात ठेवतंय! मला अजूनही साहेबांचा राग येतो.

आता जेवणाच्या सुट्टीत ताई आपलाच जुना नंबर लावतात. डबा पूर्वीसारखाच गार होत असतो.

"कुणी छबीची, म्हणजे माझी, चौकशी केली का हो? पुरुषाचा आवाज, जरा घोगरा."

"मॅडम, आपली तक्रार काय आहे?" पलीकडची मुलगी विचारते. मलाही ऐकू येतं.

ताईंना फोन ठेववत नाही.

"लाल दिवा लागलाय," त्या म्हणतात.

"मग आधी बटण बंद करा, मॅडम."